शेवटच्या खोपटातले हरिबातात्या

एक्याऐंशी साली मी मासेमारी संस्थेत कारकून म्हणून लागलो. ऑफिस तलावाच्या काठावर होतं. मासे निवडणाऱ्या बायांत मालनबाई तेवढी पाण्याकडं पाठ करून बसायची. भर दुपारी मधेच तिचे ओठ हलत. ती कुणाला तरी ओ देते आहे, असं वाटायचं.

नळदुर्गाजवळचा आमचा हा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. बांध घालायला आलेल्या मजुरांची दीड-दोनशे खोपटं तेव्हा तलावाच्या पोटातच होती. पाणी आलं तशी बरीच माणसं काठावर सरकली. पुढं संस्था झाली, सडक आली, वीज आली. मालनबाईला सिमेंटचं घर मिळालं. पाण्याच्या अंगाला तिनं खिडकी ठेवू दिली नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तलाव आटला. जुन्या चुलींचे दगड ओळीनं उघडे पडले. लोक हसत-खिदळत आपापली चूल शोधायला उतरले. मालनबाई माझ्याकडं आली.

"भाऊसाहेब, एक कारड लिवा. उमरग्याच्या जाईबाईला."

"काय लिहू?"

"लिवा, तुमचे वडील नळदुर्गाकडं गेलेच न्हाईत. म्या खोटं बोलले."

मग तिनं सगळं सांगितलं. जाईबाईचे वडील हरिबातात्या आंधळे होते, वस्तीच्या शेवटच्या खोपटात राहायचे. मालनबाई बौद्ध. तिच्या हातचं पाणी घ्यायला वस्तीतले काहीजण का-कू करत, तात्या कधीच नाही. जाईबाई कामासाठी उमरग्याला गेली ती त्यांना मालनबाईवर सोपवून. त्र्याहत्तर साली एका दुपारी ओढ्याला लोंढा आला. पाऊस वरच्या अंगाला झाला होता, इथं थेंब नव्हता. जो तो आपलं सामान उचलून पळत सुटला. मालनबाईनं आधी भांडी नेली, मग गोधड्या, मग शेळी. जाईबाई परतली तेव्हा तिला सांगितलं, तात्या लोकांबरोबर नळदुर्गाच्या सडकेनं गेले.

कार्ड मिळताच जाईबाई आली. मालनबाई तिला तळात घेऊन गेली, मीही गेलो. शेवटच्या चुलीजवळ दोघी उभ्या राहिल्या.

"हाक मारली व्हती का त्यांनी?" जाईबाईनं विचारलं.

"व्हय. 'मालन, आलीस का?' म्हनले."

"मग?"

"'आले तात्या' म्हनले. पर पाणी कमरेला लागलं. म्या माघारी फिरले, बाई. ते अजून इचारत्यात."

जाईबाई खाली बसली. "चौदा वर्सं म्या नळदुर्गाच्या सडकंवरचा येक येक ढाबा धुंडाळला. म्हातारं मानूस दिसलं की वाकून तोंड बघितलं. त्ये बुडाले, येवढंच सांगायचं व्हतं, त्ये बी तुला जमलं न्हाय."

संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. निघताना मालनबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही. त्यानंतर ती कधी आली नाही.

त्याच उन्हाळ्यात संस्थेनं तलावातला गाळ काढायला मशीन लावलं. मालनबाई रोज उन्हात उभी राहून मशीनचं प्रत्येक खोरं बघायची, ढेकळं हातानं फोडायची. तात्यांचं हाडसुद्धा निघालं नाही. गाळ गाड्यांनी गावच्या शेतांत गेला, तसं तिनं बांधाबांधानं फिरून तिथंही शोधलं.

पुढच्या हंगामात त्या रानांत ज्वारी जोमदार आली. सगळ्या गावानं खाल्ली. मालनबाईनं मरेपर्यंत त्या रानांतला दाणा घरात येऊ दिला नाही.