सांगून धरलेला उपास

तिसरीच्या वर्गात मी पाढे म्हणून घेत होते. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मागे प्रकाश दिसला. माझा नवरा कामाच्या दिवशी माझ्या शाळेत कधी आला नव्हता. तो काही बोलायच्या आधीच मी खडू खाली ठेवला. "पप्पा गेले गं... पहाटे, झोपेतच," तो म्हणाला. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणारी एसटी लगेच मिळाली. कापणी झालेली भातशेतं खिडकीबाहेरून मागे पडत होती. आता त्याला काही आठवडे उलटलेत. चर्चच्या मंडळीतले लोक भेटतात, म्हणतात, शांतवन मास्तर फार शांत माणूस. मी मान हलवते. पण ती शांतता त्यांना सहज मिळाली नव्हती, हे मी त्यांच्याच घरात राहून पाहिलंय.

शांतवन मास्तर म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर मुरबाड तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर शाळा चालवली आणि निवृत्त झाल्यावर म्हसा रस्त्यावरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये दर शनिवारी दुपारी वर्ग घ्यायला लागले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन शहापूरहून आले होते, नवी सून म्हणून मलाही त्या वर्गात बसणं भाग होतं. गीतं आणि उपदेश रविवारी व्हायचे. शनिवारी पप्पा शिकवायचे प्रार्थना, मौन, शास्त्राचं मनन आणि उपास. एखादी ओळ वाचायचे आणि मग सगळ्यांना चर्चमागच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन गप्प बसवायचे. "बोलायला तुम्हाला येतंच," म्हणायचे, "ऐकायची सवय करा." पहिले काही शनिवार मला नुसती झोप यायची. मुंग्या चावायच्या, रस्त्यावरून जीप गेली की सगळ्यांच्या माना वळायच्या. पण हळूहळू त्या बसण्याची मला गोडी लागली. वर्गात पंधरा-वीस जण असत, बहुतेक कॉलेजातली पोरं-पोरी आणि काही म्हाताऱ्या बाया. त्यांत सगळ्यात मन लावून बसायची ती मार्था.

मार्था योनाभाऊंची एकुलती एक मुलगी. योनाभाऊ मुरबाड-कल्याण अशी शेअरची जीप चालवायचे, शिवाय मंडळीचे पंच. मोठा आवाज, मोठी मिशी, आणि पोरीवर जीव. मार्थाला लहानपणापासून साखरेचा आजार होता. त्यांच्या घरी फ्रीज नव्हता, म्हणून इंजेक्शनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. रोज सकाळी तिची आई सुई टोचायची आणि मग भाकरी वाढायची. हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. त्यामुळे उपासाचा विषय निघाला तेव्हा पप्पांनी सुरुवातीलाच तिच्याकडे बघून सांगितलं होतं, "आजारी माणसानं उपास धरायचा नाही." ती हसून हो म्हणाली होती. पुढं मात्र तासभर ते वेगळंच शिकवत राहिले. उपास लोकांना दाखवायचा नसतो. तोंड सुकवून फिरायचं नाही. उलट त्या दिवशी चेहरा स्वच्छ धुवा, डोक्याला तेल लावा, नीट विंचरा, घरच्यांनाही कळता कामा नये... देव आणि तुम्ही, बस्स. पप्पांचा आवाज तेव्हा फार सुंदर लागला होता. मला आठवतंय, मीही भारावून गेले होते.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचे ते उपासाचे दिवस होते. उन्हाचा नुसता जाळ. पुढच्याच शनिवारी आम्ही मोहाखाली गप्प बसलो असताना मार्था एका कुशीवर कलंडली. कुणाला वाटलं झोप लागली, कुणाला वाटलं ऊन लागलं. तिला उचलून आत बाकावर निजवली. अंग घामानं भिजलेलं, थंडगार. हाका मारल्या तर डोळे नुसते फिरत होते. एक बाई पदरानं वारा घालत होती, दुसरी पाणी शिंपडत होती. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लागले. तिची आई निरोप मिळताच रस्त्यापलीकडून धावत आली आणि परत परत एकच सांगत होती, "सुई दिलीय सकाळी. भाकर पन वाढलीय. खाल्ली तिनं. मी घातलीय ना ताटात!"

पप्पा मात्र हलले नाहीत. ते तिच्या केसांकडे बघत होते. घट्ट विंचरलेली वेणी, भांगात चमकणारं तेल, तेलाचा एक ओघळ कानशिलापर्यंत आलेला. "हिनं उपास धरलाय," ते म्हणाले. इतक्या हळू, की पाळकसाहेबांना प्रार्थना थांबवून विचारावं लागलं, "काय म्हणालात?" "सुई घेतली आणि खाल्लं काहीच नाही, साखर उतरलीय. साखर आणा! कुणीतरी साखर आणा!"

चर्चमध्ये साखर कुठली असणार? घरं रस्त्यापलीकडे, धावत जाऊन यायला वेळ लागला असता. पप्पा थेट आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून द्राक्षरसाची बाटली घेऊन आले. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्यासाठी पाळकीणबाईंनी काळ्या मनुका साखरेत उकळून तो रस करून ठेवला होता. "मास्तर, अहो, तो उद्याचा..." मागून कुणीतरी म्हणालं. पप्पांचा हात क्षणभर थांबला. मग पाळकसाहेबांनीच पुढं होऊन झाकण उघडलं. मी मार्थाचं डोकं मांडीवर घेतलं, पप्पांनी तिला कुशीवर वळवलं, रसात बोट बुडवून तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळलं. परत बुडवलं, परत चोळलं. रस तिच्या हनुवटीवरून माझ्या साडीवर ओघळत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही... मग तिनं जीभ हलवली.

रस्त्यावर एक भरलेली जीप अडवली. आतले सगळे प्रवासी खाली उतरले, एकानंही का म्हणून विचारलं नाही. मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि तिला कल्याणला न्यायला सांगितलं. आम्ही निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात योनाभाऊंची जीप फाटकात येऊन थांबली. वाटेत कुणीतरी त्यांना गाठून सांगितलं होतं. ते आत आले ते सरळ पप्पांसमोर.

"मास्तर, तुमी काय शिकवलंत माझ्या पोरीला?"

मला वाटलं होतं, पप्पा सांगतील की मी तिला नको म्हणालो होतो. तसं ते खरंही होतं. पण ते म्हणाले, "उपास शिकवला. आणि तो लपवायलाही मीच शिकवलं."

"ती मेली असती तं?"

योनाभाऊंनी हात उगारला होता की नुसता वर केला होता, मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. पाळकसाहेबांनी तो धरला. मग योनाभाऊंनी पोरीला उचललं, स्वतःच्या जीपमध्ये घातलं आणि कल्याणच्या रस्त्याला लागले. पप्पा त्या फाटकात किती तरी वेळ उभे होते. हात अजून चिकट होते, ते धुवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

मार्था वाचली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रसात पाणी घालून प्रभुभोजन झालं, पप्पांनी ते घेतलं नाही. पुढं पंचांच्या बैठकीत योनाभाऊंनी मागणी केली, वर्ग बंद करा. पाळकसाहेब मास्तरांची बाजू घेऊ लागले तेव्हा पप्पांनीच त्यांना थांबवलं आणि चर्चची किल्ली टेबलावर ठेवली. प्रकाश घरी येऊन खूप चिडला. "तुम्ही नको म्हणाला होता ना तिला? मग तसं बोलायचं होतं!" पप्पा ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "ते एक वाक्य होतं रे. बाकीचा तास मी काय शिकवलं?"

त्यानंतर घरात एक विचित्र गोष्ट घडू लागली. दर शुक्रवारी उपास धरणारे पप्पा शुक्रवारी जेवायला बसू लागले. खाली मान घालून, घास मोजल्यासारखे. माझ्या सासूबाईंना, आईंना, ते बघवत नसे. "स्वतःला कशाला शिक्षा करून घेताय?" त्या एकदा म्हणाल्या. "शिक्षा नाही गं," ते म्हणाले, "मला भीती वाटते." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी एकदाच ऐकला. मंडळीत योनाभाऊ त्यांच्याशी बोलत नसत, त्यांच्या बाकावरही बसत नसत. बाकीचे लोक दोघांच्या मध्ये सापडल्यासारखे वागायचे. मौन शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला अबोला आला होता.

पावसाळा सरला आणि एका शनिवारी दुपारी मार्था आमच्या दारात उभी. घरी न सांगता आली होती. "मास्तर, वर्ग तं बंद झाला. मंग मी काय करू? उपास माझ्याच्यानं व्हनार नाय, डॉक्टर नको बोलला. मला काय जमंल ते सांगा." आई मला खुणेनं सांगत होत्या, तिला परत पाठव, उगाच आणखी भांडण नको. मग पप्पा म्हणाले, "सुनबाई, आम्हा दोघांना वाढ." ते तिच्यासोबत जेवायला बसले. "वेळेवर जेवणं हा तुझा नेम," त्यांनी तिला सांगितलं. "सुई टोचताना देवाचं नाव घे, ताटावर बसताना घे. कुणी काही म्हणालं, तुला लाज वाटली, तरी उठायचं नाही." ती रडत रडत जेवली. त्यानंतर ती दर शनिवारी यायला लागली आणि दर शनिवारी माझा जीव टांगणीला लागायचा.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी अंगणात जीप थांबली. योनाभाऊ ओटीवर आले आणि दारातूनच ओरडले, "मार्था, ऊठ!" तिच्यासमोर अर्धं ताट होतं. तिनं वर पाहिलं, घास घेतला, म्हणाली, "बाबा, मी जेवतेय." "ऊठ बोललो ना!" ती उठली नाही, पुढचा घास कालवू लागली. पप्पा उभे राहिले. "योना, तिचं ताट संपू दे. मग ने. मी अडवणार नाही, परत बोलावणारही नाही." योनाभाऊ आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत. आईंनी पाणी नेलं, त्याला ते शिवले नाहीत. दारात उभे राहून पोरीचा एकेक घास बघत राहिले. भात संपला, आमटी संपली, तिनं बोटं चाटून ताट पुसलं. मग दोघं निघून गेले. त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी धड झोपलं नाही. पुढच्या शनिवारी जेवणाच्या वेळेला जीप परत आली. मार्था उतरली. योनाभाऊंनी जीप वळवली आणि गेले.

वर्ग पुन्हा सुरू व्हायला आणखी बरेच दिवस गेले. पाळकसाहेबांनी आग्रह केला, पंचांत योनाभाऊंनी विरोध केला नाही. पहिल्या दिवशी पप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "मी पूर्वी जे शिकवलं ते अपुरं होतं. उपास मिरवू नका. पण एका माणसाला सांगितल्याशिवाय धरूही नका. तो नको म्हणाला तर गुपचूप जेवा." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "हे शास्त्रात कुठं हाय, मास्तर?" "नाही," पप्पा म्हणाले. "हे मी मार्थाकडून शिकलो."

वर्ग सुटल्यावर ते माझ्यासोबत घरी आले नाहीत. जीपस्टँडच्या दिशेनं चालू लागले. मला राहवेना, मी मागोमाग गेले. योनाभाऊ बॉनेट उघडून इंजिनात पाणी ओतत होते. "योना," पप्पा म्हणाले, "शुक्रवारी मी उपास धरीन म्हणतो. तुला विचारायला आलो. तू नको म्हणालास तर जेवेन." योनाभाऊंनी पाण्याचा डबा खाली ठेवला. आजूबाजूचे ड्रायव्हर बघायला लागले होते. पप्पांचे हात मागे घट्ट बांधलेले मला दिसत होते. बॉनेट धाडकन बंद झालं, आणि मग योनाभाऊ म्हणाले, "धरा." एवढंच. पण त्यानंतर पप्पांनी योनाभाऊंना विचारल्याशिवाय एकही उपास धरला नाही. प्रकाश आणि मी बदलीमुळं शहापूरला राहायला गेलो, आई गेल्या, पप्पांचे गुडघे दुखू लागले, तरी दर गुरुवारी ते स्टँडवर जात. कधीकधी योनाभाऊ म्हणायचे, "या टायमाला नको, मास्तर, तुमी वाळलेत." मग पप्पा जेवत.

त्या दिवशी आम्ही मुरबाडला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. माती चार वाजता द्यायची ठरली होती. चूल पेटली नव्हती, कुणी चहासुद्धा घेतला नव्हता. बायका भिंतीशी बसून हळू आवाजात गीत म्हणत होत्या. मार्था लग्न होऊन बदलापूरला असते, ती तिकडून पहिल्या गाडीनं आली होती आणि पप्पांच्या पायाशी बसली होती. बारा वाजून गेले तसं तिनं पिशवीतून डबा काढला, मांडीवर ठेवला, डोळे मिटून ओठ हलवले आणि सगळ्यांच्या देखत भाकरीचा तुकडा मोडला. गीत अडखळलं. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "काय गो ही... मयत घरात हाय आनि..."

"खाऊ दे तिला," दाराकडून आवाज आला. योनाभाऊ उभे होते, मिशी पांढरी झालेली, डोळे लाल. "तिचा नेम हाय तो."

मार्थानं सावकाश, एकेक घास चावून सगळं खाल्लं. भाकरीचा शेवटचा तुकडा तिनं पाण्यासोबत उतरवला. डबा बंद केला, बाहेर जाऊन हात धुतले, परत येऊन पप्पांच्या पायाशी बसली. आणि मग रडली.