चौथा पर्याय

आधीच सांगून टाकतो, भूतबीत मी मानत नाही. मरोळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हेच काम. त्यामुळे काही विचित्र दिसलं की मी घाबरत नाही, आधी स्क्रीनशॉट काढतो... या वेळी तेवढंच राहून गेलं.

आमचं घर चारकोपला, सेक्टर आठमध्ये, तळमजल्यावर. घरात मी आणि आई. गेल्या वर्षी, रविवारी, दुपारी चारच्या सुमारास घडलेली गोष्ट. गुरुवारी आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. थोरल्या भावाला, दादाला, कळवू का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने मान फिरवली.

दादा सात वर्षं घरी आला नव्हता. बाबांच्या दहाव्याला पिंड त्याने ठेवला आणि कावळा काही शिवेना. तासभर वाट पाहिली, हात जोडून झाले, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी आल्यावर आई अख्ख्या भावकीसमोर म्हणाली, "ह्येच्या हातचा त्येंका नको होता." दादाने चपला घातल्या आणि न जेवता निघून गेला. कुठे, तर मुलुंडला. रिक्षाने दीड तासाची वाट!

तर त्या रविवारी आईचं मन रमावं म्हणून मी लॅपटॉपवर एक गेम लावला. गेम म्हणजे वाचायची गोष्टच — चित्रं, खाली इंग्रजी संवाद, मध्येमध्ये पर्याय. आपण जो निवडू तशी गोष्ट वळते. एका परदेशी मुलीने एकटीने बनवलेला, पाऊण तासाचा, शेवट तीन. डोंगरावरच्या घरात एक बाई एकटी राहते आणि दारावर कुणीतरी थाप मारतं, एवढीच गोष्ट. मी वाचून मराठीत सांगत होतो. आई चहा पीत, बारीकसारीक शंका काढत ऐकत होती.

थाप पडली. पर्याय तीन : दार उघड, नाव विचार, गप्प बस.

"काय करूया गं?"

"नाव मगे इचार," आई म्हणाली. "भायरसून इलो हा तो. आधी पाणी दी त्येका."

"अगं, तसा पर्यायच नाहीये."

"आसा मरे. तां खालचां चवथां दाब."

मी पाहिलं. खाली चौथी ओळ होती. इंग्रजीत, त्याच अक्षरांत — 'आधी त्याला पाणी दे.' मी दाबलं.

दार उघडलं. माणसाचा चेहरा दिसला नाही, फक्त पेला घेणारे हात. मग एकच वाक्य आलं : 'मी रागावलो नव्हतो. कुणी बस म्हणेल म्हणून थांबलो होतो.' आणि स्क्रीन पांढरी.

"काय म्हणता तो?"

मी सांगितलं. आईने चहाचा कप खाली ठेवला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "त्येचो नंबर आसा मां तुझ्याकडे? लाव."

दादा त्याच संध्याकाळी आला. गुरुवारी ऑपरेशन थिएटरबाहेर आम्ही दोघं होतो. आई सुखरूप बाहेर आली.

त्यानंतर माझ्यातला टेस्टर जागा झाला. अकरा वेळा गेम खेळलो, दर वेळी तीनच पर्याय. स्क्रिप्टची फाइल उघडली. तिथेही तीन, आणि ते वाक्य कुठेच नाही. बनवणाऱ्या मुलीला मेल केला. तिचं उत्तर आलं, असं काही मी लिहिलेलंच नाही, पण कल्पना छान आहे, वापरू का? झकास! ऑपरेशनच्या टेन्शनमध्ये मला भास झाला म्हणावं, तर आईने माझ्याआधी पाहिलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "माका इंग्लिश वाचूक येना नाय, पण चार मोजूक येतत."

तुमच्यापैकी कुणी असे गेम बनवत असेल तर जरूर सांगा, हे कसं होऊ शकतं. मला खरंच जाणून घ्यायचंय.

एक गोष्ट मात्र मला पक्की माहीत आहे, आणि ती घरात कुणालाच माहीत नाही. दादा दर चतुर्थीला मला मेसेज करायचा — आई कशी आहे, येऊ का? घरात पुन्हा तमाशा नको म्हणून सात वर्षं मी आईला एकही दाखवला नाही. आई हॉस्पिटलमधून घरी आली त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दादाने मला हळूच विचारलं, "माझे मेसेज सांगायचास ना रे आईला?"

मी हो म्हणालो. तेव्हापासून दादा आईला विचारत नाही, की इतकी वर्षं तिने उत्तर का दिलं नाही. त्याने तिला माफ केलंय.