टॉवेलाखालचा गार हात

बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोन दलाल एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती कितीही माणसं असली तरी कुणाला काही कळत नाही. हे काम मी कुणाच्या शिफारशीशिवाय शिकलो आणि इकडच्या बाजारांत नाव कमावलं. माझा चेहरा वाचता येत नाही, असं लोक म्हणायचे. हात वाचता येतो, हे मला आजारपणानं शिकवलं.

होतं ते असं. सौदा रंगात आला, माझा आवाज चढला, की तोंडाला पाणी सुटतं, पोटात ढवळतं, कानांत गुणगुण होते. तळहात गार आणि ओले होतात. बसलो नाही तर डोळ्यांपुढं अंधार येतो. दोनदा बैलांच्या शेणात आडवा झालोय.

बीदरला दाखवलं, गॅस म्हणाले. उदगीरला टेन्शन म्हणाले. कलबुर्गीला छातीला यंत्र लावून दिवसभर हिंडायला लावलं. त्या दिवशी मी मुद्दाम एका रिक्षावाल्याशी भांडलो, तरी काही झालं नाही. तिथल्या डॉक्टरांनी निदान माझं म्हणणं तरी ऐकून घेतलं. "मेंदूतून निघून गळ्यातून, छातीतून पोटापर्यंत जाणारी एक नस असते, व्हेगस. ती एकदम जोर करते आणि नाडी मंदावते, असं कदाचित असेल."

"कदाचित?"

"तपासणीत काही सापडत नाही. खात्रीनं कसं सांगू?"

"डॉक्टरसाहेब, बैल कदाचित लंगडा न्हाई, असं म्हटलं तर कोन घेईल माझ्याकडनं?"

ते हसले. पाणी भरपूर प्या, गरगरलं की लगेच बसा, राग कमी करा, म्हणाले. राग कमी करून दलाली कशी करायची, ते काही सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ठाणाकुशनूरच्या एका शेतकऱ्याची जोडी माझ्याकडं होती. त्याच्या वडिलांपासून त्या घरचे बैल मीच विकत आलोय. समोरचा दलाल कमलनगरचा, बोलायला गोड. भाव मनासारखा चढत होता, तेवढ्यात माझा हात गार पडला. त्यानं टॉवेलाखाली माझा तळवा अंगठ्यानं चाचपला आणि त्याची बोटं त्याच आकड्यावर थांबली.

"घाई हाय वाटतं, अण्णा."

मला समोरचं दिसेनासं झालं होतं. पडण्यापेक्षा सोडलेलं बरं म्हणून त्याचा आकडा मान्य केला आणि खुंट्याजवळ खाली बसलो. भाव कळल्यावर शेतकरी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"येवढ्यावर कामून सोडलात? त्याच्याकडनं काय मिळालं तुमाला?"

दोन्हीकडून खाणारे दलाल आहेत, मी नाही. पुढच्या आठवड्यात तपासण्यांची सगळी फाईल घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं एकेक कागद उलटला. "सगळीकडं नॉर्मल लिव्हलंय की. कागद बी तुमच्या बाजूनं बोलनात, अण्णा." फाईल काखेत मारून परत आलो. त्यानं ही गोष्ट गावभर केली आणि त्याच्या भावकीतले लोक माझ्याऐवजी दुसऱ्याकडं जायला लागले.

यंदा तो बाजारात भेटला तेव्हा मी त्याला अडवलं. "माझा सौदा होईस्तोवर डावा हात तुमी धरा. गार पडला की तुमालाच कळंल, मी चोर हाय का न्हाई."

गंमत म्हणून तो तयार झाला. समोर तोच कमलनगरचा दलाल होता. उजवा हात टॉवेलाखाली, डावा शेतकऱ्याच्या मुठीत. मी ओरडलो, टॉवेल फेकला, पुन्हा घेतला, त्या दलालाची अक्कल काढली. आजवर एवढा कधी तापलो नव्हतो. सौदा चांगला झाला. हात ठणठणीत गरम.

शेतकऱ्यानं माझा हात सोडला. "माझ्या बैलाच्या वक्तालाच थंडी वाजली व्हय?" म्हणाला आणि चालू लागला.

मी त्याच्या पाठीमागून शिव्या घालत राहिलो. घालता घालताच कानांत गुणगुण सुरू झाली. "इकडं या, आता धरा," म्हणून ओरडलो. त्यानं मागं न बघता नुसता हात हलवला. मी मातीत बसलो.

कमलनगरचा दलाल वाकून बघत होता. "सौदा तर झाला, अण्णा. आता कामून नाटक करायलात?"

मी ओला तळवा त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. मी आणखी काही विकायला काढलंय, असं त्याला वाटलं असावं.