सोनेरी दातांवरचं कुंकू

चुका मला शोधाव्या लागत नाहीत, त्या आपण होऊन माझ्या डोळ्यांत घुसतात. शाळेत शिकवत होते तेव्हाही हेच, आणि निवृत्तीनंतर अण्णांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला बसले तेव्हाही हेच. पाटीवर ‘शितपेय’ लिहिणाऱ्या दुकानात मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आता मी एका बाईचं तोंडभरून कौतुक करणार आहे आणि साताऱ्यात माझी तशी ख्याती नाही.

ती बाई म्हणजे चारुशीला, अण्णांची धाकटी सून. माहेर सांगलीचं. अण्णांचा छापखाना मंगळवार पेठेत होता आणि तिथून दर आठवड्याला ‘हाळी’ नावाचं साप्ताहिक निघायचं. शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवायचं काम सयाजीकडं. तो माण तालुक्यातला. त्याच्या गावची निम्मी माणसं मुंबईला गेली, हा मात्र साताऱ्यात उतरला आणि शिशात रमला. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत अण्णांचं नाव असायचं आणि त्याच्या शेजारी ‘जुळणी : सयाजी’. अण्णा म्हणायचे, ज्याचे हात काळे होतात त्याचं नाव लागलंच पाहिजे.

चारुशीलेला त्या ओळीत यायचं होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं आणि वर हसली, जणू काही गंमत केली. पण दुपारी जेवणं आवरली की ती छापखान्यात येऊन उभी राहायची, सयाजीचे हात बघत. खंडेनवमीला आमच्याकडं ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पूजेला मांडायची रीत. सयाजी खिळे जुळवायची आपली स्टिक ठेवायचा, अण्णा टाक, मी माझी पेन्सिल आणि खोडरबर. शिवाय अण्णा खिळ्यांच्या प्रत्येक केसमधून, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, एक खिळा काढायचे, त्याच्या अक्षरावर ओल्या हळदीकुंकवाचं बोट टेकवायचे आणि पूजा झाली की तो पुसून जागच्या जागी ठेवायचे. एका वर्षी चारुशीलेनं विचारलं, “अण्णा, मी काय ठेवू?”

“तुझं हत्यार विळी. तिची पूजा घरात होईल,” अण्णा म्हणाले.

बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण मला राग आला. मी म्हटलं, “विळीनं भाजी चिरतात अण्णा, अंक काढत नाहीत.” त्यांनी घंटी जरा जोरात वाजवली. चारुशीला गुमान आत गेली आणि तिनं नैवेद्याचं ताट आणलं. तिचे डोळे लाल झालेले मी पाहिले.

पुढं चौऱ्याण्णव साल उजाडेपर्यंत खिळे पार झिजले. ‘ळ’ तर असा उमटायचा की मी दर पानाला कपाळावर हात मारायची. खिळे ओतून देणारा कारखाना बंद पडला होता आणि सयाजीची नजरही अधू होत चालली होती. त्याच सुमारास चारुशीला बाळंतपणाला सांगलीला गेली ती परत येताना मुलगी आणि संगणकाचा कोर्स, दोन्ही पदरात घेऊन आली. क्लास मिरजेच्या झिशानचा होता. हा झिशान मुंबईहून सुटे भाग आणून संगणक जुळवून द्यायचा. कंपनीच्या यंत्राच्या निम्म्या खर्चात काम व्हायचं. पेठेत लगेच कुजबुज सुरू झाली की अण्णांच्या सुनेनं बारा गावचं सामान एका डब्यात भरून आणलं.

अण्णांनी तिला सगळ्यांदेखत अट घातली. “दसऱ्याचा अंक यावर निघाला तर हे इथं राहील. नाही निघाला तर दिवाळीच्या आत मिरजेला परत. आणि मग छापखान्यात तुझी लुडबुड नको.”

“चालेल,” ती म्हणाली. एवढंच.

त्या काळी संगणकाला मराठी येत नसे. त्यासाठी एक वेगळं कार्ड मिळायचं. वीतभर हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. ते दात आतल्या खाचेत दाबून बसवले की पडद्यावर मराठी उमटे. झिशाननं ते बसवलं, पडद्यावर सुरेख ‘श्री’ आला, आणि संगणकाला जोडलेलं छपाईयंत्र मुकं झालं. मराठीचं कार्ड काढलं की छपाई सुरू, पण इंग्रजीतली. बसवलं की मराठी दिसे, पण कागदावर काही येईना. झिशान दुपारभर झटला, घामाघूम झाला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. जाताना म्हणाला, “ताई, कंपनीच्या मशीनमध्ये सगळे भाग एकमेकांच्या ओळखीचे असतात. आपल्याकडं नवख्यांची ओळख करून द्यावी लागणार. फोनवर करू आपण.”

मग ती ओळखपरेड सुरू झाली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर, मांडीवर पोर. डब्याचं झाकण कायमचं उघडं, कारण रोज स्क्रू काढायला कुणाला वेळ होता? मला तिनं समजावलं ते असं. आतल्या प्रत्येक कार्डाला एक घरनंबर असतो. मराठीचं कार्ड आणि छपाईचं कार्ड, दोघांना एकच नंबर मिळालाय, त्यामुळं पोस्टमन गोंधळतोय. नंबर बदलायला कार्डावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या टोप्या असतात, त्या एका काडीवरून काढून दुसरीवर घालायच्या. कुठली कुठं, हे पुस्तिकेत धड दिलेलं नव्हतं. ती टोपी हलवायची, कार्ड दाबून बसवायची, सुरू करायची, बंद करायची, पुन्हा उपसायची. अण्णा समोर वर्तमानपत्र धरून बसायचे. पान मात्र बराच वेळ उलटायचे नाहीत.

आणि एका दुपारी छपाईयंत्र घरघरलं. कागद बाहेर आला, त्यावर स्वच्छ, ठसठशीत ‘ळ’. चारुशीला ओरडलीच. सयाजी कागद डोळ्यांपाशी नेऊन म्हणाला, “आवं बाई, ह्यो ळ बगा की! लय दिसांनी असा गोल गरगरीत ळ बघितला.” मी चष्मा पुसला आणि त्या पानात चूक शोधली. सापडली नाही. अण्णा “हं” म्हणाले आणि पान उलटलं.

दसऱ्याचा अंक तिनं अष्टमीपर्यंत पुरा केला. पानं सगळी आत यंत्रात तयार होती. खंडेनवमीला हत्यारं चालवायची नसतात, म्हणून दसऱ्याच्या सकाळी ती कागदावर काढायची, दुपारी त्यांवरून ऑफसेटवाल्याच्या मोठ्या यंत्रावर मुहूर्ताची छपाई आणि संध्याकाळी सीमोल्लंघनाला निघालेल्या लोकांच्या हातात अंक, असं ठरलं होतं. नवमीच्या पूजेला मुलीला ताप होता म्हणून चारुशीला आलीच नाही. मीही आरतीपुरती दाराशीच टेकले आणि प्रसाद घेऊन गेले.

दसऱ्याच्या सकाळी तिनं यंत्र सुरू केलं. मराठी नाही! पडद्यावर नुसता खुणांचा चिवडा. अख्खा अंक आत आणि त्यातलं एक अक्षर वाचता येईना. अण्णा दारात येऊन उभे राहिले, बघितलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

तिनं झिशानला फोन लावला. तो विचारत होता, “ताई, टोपी हलली का? नवीन काही बसवलं? पुन्हा तोच नंबराचा घोळ असणार.” तिनं टोप्या तपासल्या, जागच्या जागी होत्या. छपाईचं कार्ड काढून बघितलं, तरी मराठी नाही. म्हणजे दोन कार्डांचं भांडण नव्हतंच. झिशान हताश होऊन म्हणाला, “मग कार्डच गेलं असंल. नवीन मागवायला लागंल मुंबईवरनं.” बाहेर पोरं आपट्याच्या डहाळ्या घेऊन पळत होती आणि ऑफसेटवाल्याचा माणूस पानांसाठी येऊन तिष्ठत होता. मला त्या डब्याचा असा संताप आला की तो उचलून रस्त्यात फेकावासा वाटला.

चारुशीलेनं फोन ठेवला. मग म्हणाली, “परवा संध्याकाळी चालत होतं. मी हात लावला नाही. म्हणजे मधे काहीतरी झालंय.” तिनं मराठीचं कार्ड उपसलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

सोनेरी दातांवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळदीकुंकवाची वाळलेली बोटं उमटली होती. सारख्या अंतरावर, ओळीत, खिळ्यांवर लावतात तशी. कार्ड खाचेत घातल्यावर थोडी घासली गेली होती, तरी दात खाचेला भिडू न देण्याइतकी उरली होती. बोट कुणाचं ते सांगायला नको. खिळ्याच्या अक्षरावर लावतात तर याच्या दातांवर, असा सरळ हिशेब. सून रोज कार्ड कसं उपसते आणि दाबून बसवते ते वर्तमानपत्राआडून त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. खिळा पुसला तर बिघडत नाही, पण हे नाजूक, म्हणून बहुधा पुसायचंही टाळलं.

माझ्या तोंडून निघालंच, “अहो अण्णा—” पण चारुशीलेनं माझा हात दाबला. ती रडत होती आणि हसतही होती.

“बाई,” ती पुटपुटली, “त्यांनी माझं हत्यार पूजेला मांडलं.”

मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं खोडरबर मागितला. माझा, मुद्रितांचा. हलक्या हातानं तिनं एकेक दात घासला, आतली खाच सयाजीच्या खिळे झाडायच्या कोरड्या ब्रशनं साफ केली, कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर ‘हाळी’ झळकलं, दसरा विशेषांक, स्वच्छ, काळंभोर. सयाजीनं शीळ घातली. “आलं गड्या, आलं!” म्हणून तो ऑफसेटवाल्याच्या माणसालाच मिठी मारून बसला. मी टाळ्या वाजवल्या. होय, मी.

पानं निघू लागली तसे अण्णा आत आले. “काय झालं होतं?”

“दातांवर जरा राप बसला होता,” चारुशीला म्हणाली.

अण्णांची नजर टेबलावरच्या खोडरबरावर गेली. तो लालपिवळा झाला होता. छापखान्यात जन्म गेलेला माणूस, डाग कशाचा ते त्यांना कळलं. ते खुर्चीवर बसले.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले. “मीच अंक बंद पाडत होतो.”

“तुम्हीच पूजा केलीत,” ती म्हणाली. “मला दुसरं काही नको होतं.”

अण्णा उठले. शेवटचं पान अजून यंत्रातच होतं. “थांब. ते काढू नकोस. तळाची ओळ बदलायची आहे. ‘जुळणी’च्या पुढं लिही.”

“आवं अण्णा, माजं नाव काढा,” सयाजी मधेच म्हणाला. “म्या ह्या अंकात एक अक्षार जुळवल्यालं न्हाई.”

“तू गप रे. तुझंही राहील.” अण्णा सुनेच्या खुर्चीमागं उभे राहिले. “लिही. सयाजी, चारुशीला.”

तिनं घाईनं बोटं चालवली. स्वतःच्याच नावात तिनं ‘शी’ऐवजी ‘शि’ टाइप केला. सयाजीला दिसलं नाही. मला अर्थातच दिसलं. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “दीर्घ कर बाई. हे नाव आता दर आठवड्याला छापायचं आहे.”