उतारावरचा झेंडा

ती घटना आठवली की मला अजून घाम फुटतो, आणि हे मी उगाच रंगवून सांगत नाही. उन्हाळा लागला होता, ठाण्यातला पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होता, आणि त्या पंख्याखाली बसून मी बर्फाखाली गेलेल्या माणसाचा तपास करत होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. एकदा तर चोरीची म्हैस मुद्देमाल म्हणून आवारात बांधून तिला चारापाणीही केलं. बर्फ मात्र माझ्या टेबलावर एकदाच आला. नावं कुणाचीच सांगणार नाही.

तक्रारदाराचं गंगापूर रोडला हार्डवेअरचं दुकान होतं. त्याला मी थोरला म्हणेन, कारण तक्रार त्याच्या धाकट्या भावाच्या मृत्यूची होती. दोघेही दर रविवारी हरिहर, अंजनेरी, साल्हेर असे गड चढणाऱ्या एका ग्रुपमध्ये होते. त्या हिवाळ्यात हौस वाढली आणि सगळे उत्तरेकडच्या एका डोंगरावर स्कीइंग शिकायला गेले. नेणारा त्यांचा नेहमीचाच लीडर, तिशीतला मुलगा. ट्रेक नेण्यावरच त्याचं घर चालायचं. तिथे धाकटा बंद केलेल्या उतारावर गेला, बर्फाचा थर सुटला आणि तो त्याखाली गाडला गेला.

थोरल्याचं म्हणणं होतं की लीडरने धोका सांगितला नाही आणि तिथे हद्द दाखवणारा झेंडाही नव्हता. घटना परराज्यातली, म्हणून गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे पाठवायचा होता. पण साक्षीदार सगळे नाशिकचे, त्यामुळे जबाब आम्हीच घेऊन सोबत जोडायचे ठरले. ते जबाब विरुद्ध गेले असते तर लीडरला तिकडचे पोलीस घेऊन गेले असते आणि नंतर तो सुटला तरी नाशिकमध्ये कुणी आपलं माणूस त्याच्यासोबत पाठवलं नसतं.

आमचा हवालदार पेठ तालुक्यातला. कागद वाचून तो म्हणाला, "साहेब, पायाला फळ्या बांधून घसरायला लोक इतक्या लांब जातात? आमच्याकडं चिखलात फुकट घसरतात."

"जबाबात हे लिहू नका म्हणजे झालं," मी म्हणालो.

"नाय लिहत. पण विचारतो आपलं."

मलाही त्या विषयात त्याच्याइतकंच कळत होतं. म्हणून तिथल्या सुरक्षा पथकाच्या प्रमुखाला फोन लावला. माणूस शांत होता. त्याने माझी बर्फाची शाळाच घेतली. जुना बर्फ रात्री गोठून काचेसारखा होतो. त्यावर नवा पडला आणि वाऱ्याने एका बाजूला ढीग केला की तो वरचा थर नुसता टेकलेला असतो. एका माणसाचं वजनही त्याला पुरतं. त्यांची माणसं सकाळी बर्फ खणून थर तपासतात आणि जो उतार फसवा वाटेल त्याच्या कडेने भगव्या झेंड्यांची ओळ लावतात. त्या दिवशीही लावली होती.

"मग तक्रारदाराला झेंडा दिसला कसा नाही?" मी विचारलं.

तो म्हणाला, शोध घेताना ओळीतल्या एका जागी झेंडा नव्हता, आणि हद्दीच्या पलीकडे उंचवट्यावर एक झेंडा होता. वाऱ्याने गेला असता तर आडवा सापडला असता. हा उभा होता. नीट रोवलेला.

मी लीडरला बोलावलं. तीस वर्षं मी माणसांना समोर बसवून बोलतं केलं आहे. ज्याने काही केलेलं नसतं तो फार बोलतो, आणि ज्याने केलेलं असतं तो त्याहून जास्त. हा गडी बोलतच नव्हता.

"धोका सांगितला होतास?"

"सांगितला होता. झेंडे डाव्या हाताला ठेवून उतरा, एवढं रोज सकाळी सांगायचो."

"मग एक झेंडा हलला कसा?"

त्याने खाली पाहिलं. "मी लीडर होतो, सर. माझी जबाबदारी."

"जबाबदारी मी नंतर वाटेन. झेंडा कुणी हलवला?"

"माझंच नाव लिहा."

मी चहा मागवला. तो प्यायला, कप उचलून स्वतः मोरीत ठेवून आला आणि पुन्हा गप्प बसला. अशा माणसाला काय करायचं, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. शाळेत शिकवणाऱ्या, त्याच ग्रुपमधल्या.

"साहेब, सगळ्यांनी तुम्हाला फोटो दिले ना? वर टोकावरचा त्यात आहे का?"

मी पाहिलं. विमानतळाचे होते, हॉटेलचे होते, पराठ्यांचेसुद्धा होते. टोकावरचा एकही नव्हता.

"नाही."

"तेच सांगायचं होतं. याहून जास्त माझ्याने सांगवणार नाही. मी त्या भावांच्या घरी रोज जाते, त्यांच्या आई बसलेल्या असतात." त्यांनी फोन ठेवला.

आता मी नाशिकचा माणूस. आपल्याकडे गडाच्या टोकावर पोचायचं आणि झेंडा धरून फोटो काढायचा नाही, म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत यायचं. मी सगळ्यांना एकत्र बोलावलं. माझ्यातला नाटकवेडा माणूस त्या दिवशी जागा झाला, हे कबूल करतो.

ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत मी म्हणालो, "वर फोटोला जसे उभे होता तसे उभे राहा."

"कुठला फोटो, साहेब?" थोरला म्हणाला.

"जो काढला नाही तो."

कुणी हसलं नाही. लीडर समोर थांबला, कारण फोटो नेहमी तोच काढायचा. बाकीचे ओळीत आले, बाई कडेला, थोरला मधोमध. मी हवालदाराची काठी घेतली आणि काही न बोलता डावीकडच्या पहिल्या माणसाच्या हातात दिली. त्याने ती शेजाऱ्याला दिली. शेजाऱ्याने पुढे. त्यांच्या ग्रुपची रीतच होती, टोकावर झेंडा वयाने मोठा असेल त्याने धरायचा. काठी थोरल्याच्या हातात आली, त्याचा हात आपोआप उंच गेला, आणि तिथेच थांबला.

तिथे मी झेंड्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

थोरल्याने काठी हळूच खाली घेतली.

"मी परत लावला होता," तो म्हणाला. "या लीडरने हाक मारली, दादा, जागेवर लाव. मला वाटलं, टोकावर आहे, शोभतोय. तिथेच लावला."

बाकीचं लीडरने सांगितलं. फोटोसाठी ओळीतला एक झेंडा काढून घेतला होता. उंचवटा हद्दीबाहेर होता, पण चार पावलांवर, म्हणून त्याने जाऊ दिलं. फोटो काढून सगळे खाली उतरले, तेव्हा ऊन होतं. आपण मागे वळून ओळ तपासली नाही, हेही तो म्हणाला. धाकटा रोपवेच्या मागच्या पाळण्यातून वर येत होता. तो पोचला तोवर धुकं उतरलं होतं. त्याने सांगितल्याप्रमाणे झेंडे डाव्या हाताला ठेवले. ओळीत खंड होता, पुढचा झेंडा लांब उंचवट्यावर दिसला. तो त्या झेंड्याच्या उजवीकडून गेला, थेट बंद उतारावर. अगदी आज्ञाधारकपणे.

"हे आधी का नाही सांगितलंस?" मी लीडरला विचारलं.

"काकूंना दोनच मुलं होती, सर."

थोरला खाली बसला. हवालदाराने त्याला पाणी आणून दिलं आणि स्वतःही शेजारी उकिडवा बसला. "प्या दादा," तो म्हणाला, "घाई नाय कशाची."

पाणी पिऊन थोरल्याने विचारलं, "आईला सांगावं लागेल का?"

"कायद्यात तसं काही नाही," मी म्हणालो.

त्याने पुरवणी जबाब दिला, स्वतःच्या तोंडाने, एकही शब्द न गाळता. लीडरनेही आपली चूक लिहून दिली. कागद तिकडे गेले आणि पुढे तिथल्या पोलिसांनी तो अपघाती मृत्यू ठरवला. पण त्या संध्याकाळी सही करून थोरला उठला, दारापर्यंत गेला आणि लीडरला म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर. मला एकट्याला ते बोलता येणार नाही." दोघं एकाच मोटरसायकलवर गेले. चालवत लीडर होता.

लोक मला विचारतात, साहेब, माणूस खोटं बोलतोय हे तुम्हाला कसं कळतं? खरं सांगायचं तर थोरला खोटं बोलत नव्हता. ज्या जागी झेंडा हवा होता तिथे तो खरोखरच नव्हता. ती जागा रिकामी कशी झाली, एवढंच त्याला पाहवत नव्हतं, म्हणून तो दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवत होता. तेव्हापासून, ज्या तक्रारदाराचं बोट फार जोरात दुसऱ्याकडे वळायचं, त्याला मी आधी खुर्ची द्यायचो, पाणी द्यायचो आणि आवाज खाली आणून विचारायचो, "त्या वेळी तुम्ही कुठे उभे होता?" बऱ्याच जणांना राग यायचा. काही जण मात्र रडायला लागायचे, आणि मग मी शिपायाला सांगून दार लोटून घ्यायचो.