आयच्या नाकातली नळी

माझा धंदा पाईप बसवायचा. तारापूरच्या कंपन्यांत जन्मभर तेच केलं. शाळेनं मला दुसरीतच सोडलं, त्यामुळं डोकं एकाच दिशेला चालतं: टाकीत पाणी जात नाय? पाईप टाका.

आमची आय एकेक विसरत गेली. आधी चुलीवरचं दूध, मग घरचा रस्ता, मग मला. मला विसरली त्यात तिचं काय नुकसान नाय. पण शेवटी ती गिळायचं विसरली. घास गालात धरून बसायची. मी शहाणा, केळव्यावरून शहाळं आणलं. ताकद येईल म्हणून ती आडवी असतानाच चमच्यानं ओतलं. तिसऱ्या चमच्याला ठसका लागला, ओठ निळे पडले. शहाळं पाजून आयला मारणारा आमच्या चिंचणीत मी पयलाच झालो असतो.

बोईसरला हॉस्पिटलात नेली. तरुण डॉक्टरनं नाकातून पोटात जेवणाची नळी घातली. सकाळी आयनं ती उपसून काढली, रक्त आलं. परत घातली. सिस्टर पट्टीनं तिचे हात खाटेला बांधायला लागली, पण गाठ सैल. मी म्हटलं, "द्या इकडं. माझी गाठ सुटत नाय." आणि बांधले. आय मनगटाकडं बघत होती. मी गाठीकडं बघत होतो. झकास बसली होती.

दुपारी पालघरच्या मोठ्या डॉक्टरबाई आल्या.

"हे कोणी बांधलं?"

"मीच."

"सोडा."

सोडता सोडता माझं नख तुटलं. हात मोकळे झाले तशी आयनं नळी पुन्हा काढली.

आता परत घालायची का नाय, यावर दोन्ही डॉक्टर माझ्यासमोरच बोलायला लागले.

"मॅडम, नळी नाही घातली तर पेशंट सुकत जाईल. उद्या हेच लोक म्हणतील, डॉक्टरनं उपाशी मारली."

"म्हणतील. पण या आजारात, या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढतं असं मी तरी पाहिलं नाही. ठसकाही थांबत नाही. बसवून, हातानं, घेईल तेवढंच भरवायचं."

मी विचारलं, "आणि घेतलंच नाय तर?"

बाई म्हणाल्या, "तर शरीर आवरतं घेतंय असं समजायचं. तोंड ओलं ठेवा. जवळ बसा."

"मला अजून पटत नाही," तरुण डॉक्टर म्हणाला. माझ्याकडं वळला. "ठरवायचं तुम्ही."

आजवर मला कुणी हेल्परची पाळीबी ठरवू दिली नव्हती.

मोठी बहीण शेजारी उभी होती. म्हणाली, "लोकांच्या कंपनीत ढीगभर पाईप बसवलेस, सख्ख्या आयला एक बसवायला हात कापतो तुझा? ती गेली तर मला तोंड दाखवू नको."

"माझं तोंड तसंबी बघण्यासारखं नाय, बाय."

कुणी हसलं नाय. मीबी नाय.

नळी नको असा कागद पुढं आला. सही येते मला, पण त्या दिवशी आली नाय. आयच्या मनगटाला हात लावला. माझ्या गाठीचा लाल वळ अजून उठलेला होता. मी कागदावर अंगठा लावला.

घरी तिला भिंतीला टेकवून बसवली. बाईंनी शिकवलं तसं हनुवटी खाली, पेज घट्ट, चमचा अर्धा. एक गेला. मी घशाकडं बघत बसलो. गिळला. दुसरा. तिसऱ्याला इतका वेळ लागला की मीच चार वेळा गिळलं. चौथ्याला तिनं ओठ मिटले.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "किती खाल्लं?"

"तीन चमचे."

"आणखी एक दे ना रे. माझ्यासाठी."

चमचा ओठाला लावला. आयनं तोंड फिरवलं. तिचा जबडा कसा उघडायचा ते मला ठाऊक होतं, अंगठ्यानं जरा दाबलं की झालं. अंगठा गालापर्यंत गेलाबी होता. मागं घेतला.

"दिला," मी फोनवर म्हटलं, आणि तो चमचा मीच खाल्ला.

मीठ घालायला विसरलो होतो. तरी तिनं तीन खाल्ले.