डाव्या हाताचं कुंकू

तुळशीराम सुताराला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अक्षरं कोरता येत होती, आणि तीही उलटी. मंगरूळच्या रंगाऱ्यांसाठी तो लुगड्यांच्या काठांचे लाकडी ठसे कोरी आणि व्यापाऱ्यांसाठी पोत्यांवर मारायचे छाप करी. ठशात उलटं कोरलं म्हणजे कापडावर सरळ उमटतं, इतकी ती साधी गोष्ट. पण तीस वर्षं तेच करता करता त्याची नजरच तशी बसून गेली होती. मी गावात नवा मास्तर होऊन आलो तेव्हा शाळेची खिडकी दुरुस्त करायला त्याला बोलावलं. फळ्यावर मी मोठ्या झोकात 'क' काढला होता. त्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "अक्षर बढिया हाये मास्तर. पन उलटं काढलं न बापा तुमी." सगळा वर्ग खो खो हसला. मी तेव्हा तरुण होतो आणि मला माझ्या शहाणपणाचा भारी ताठा होता. महिनाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही.

पण त्याच्यावर रागावून राहणं कठीण होतं. शाळा सुटली की माझे पाय आपोआप त्याच्या पडवीकडे वळू लागले. एकदा मी विचारलं, "तुळशीरामभाऊ, इतके नमुने तुम्हाला सुचतात तरी कसे?" तो पटाशी घासत म्हणाला, "सुचाचं काय त्याच्यात? समदं पडून तं राह्यते इथंतिथं. उचला लागते फक्त." आणि तो खरंच उचलत असे. भेंडी आडवी कापायची, गेरूत बुडवायची आणि भिंतीवर टेकवायची, की झालं फूल. हा प्रयोग त्यानं आमच्या घरी, नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर केला. माझ्या बायकोनं त्याला जे झापलं ते शेजारच्या तीन घरांत ऐकू गेलं. दर्ग्याच्या जाळीतून पडलेलं ऊन, टोपलीच्या बुडाची वीण, गाडीच्या धावेनं चिखलात उठवलेली रेघ, सगळं त्याच्या उपयोगाचं. पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बायांच्या ओढण्यांकडे तो असा टक लावून बघत बसला की एक म्हातारा काठी घेऊन धावून आला. "बाईकडे नाई पाहून राह्यलो बावा," तुळशीराम दोन्ही कान धरून म्हणाला, "टाक्याकडे पाहून राह्यलो!" म्हाताऱ्याला ते पटलं की नाही देव जाणे, पण पुढच्या वर्षी मंगरूळच्या लुगड्यांच्या काठावर तो टाका आला.

त्याचं खरं डोकं चाले ते मार्क्यात. बाजारात तंबाखूचे सगळे दुकानदार पुड्यांवर देवांची चित्रं लावत. एकानं त्याला नवीन चित्र काढायला सांगितलं, तर हा म्हणाला, "देव नाई लावाचा शेटजी. पुडी फाटते, रस्त्यावर पडते, मानसाचा पाय पडते. देवावर पाय ठिवून तंबाखू गोड लागन का?" आणि त्यानं चिमणीचा पाय काढून दिला. चार रेघा, बस. शेटजींनी कपाळाला हात लावला. पण आसेगावकडचे शेतकरी दुकानात येत आणि नाव ठाऊक नसलं तर बोटानं धुळीत चिमणीचा पाय काढून दाखवत. मळेवाल्या माळ्यांच्या टोपल्या बाजारात एकमेकींत मिसळत आणि रोज भांडणं होत. त्यानं प्रत्येकाच्या मळ्यात जाऊन तिथलंच काही उचललं. कुणाला विहिरीची दोन चाकं दिली, कुणाला बांधावरचं वाकडं बाभळीचं खोड. भांडणं थांबली. मी कौतुक केलं तर म्हणाला, "मार्का म्हंजे काय मास्तर? ज्याले वाचता येत नाई, त्याचं थे वाचन." एवढं चांगलं वाक्य मला जन्मात सुचलं नाही, हे कबूल करतो.

त्याचं जवळचं माणूस म्हणजे मुलगी गंगू, एवढंच. बायको लवकर गेलेली. गंगूला आसेगावला दिली होती, जावई कष्टाळू आणि हसरा. दिवाळीला ती माहेरी आली होती, तेव्हाच कुंकवाच्या एका व्यापाऱ्यानं तुळशीरामाला काम सांगितलं. संक्रांतीला बायांना वाण म्हणून वाटायला कुंकवाच्या पुड्या काढायच्या होत्या आणि त्यांवर अकोल्याच्या छापखान्यात छापलेलं रंगीत चित्र हवं होतं. म्हणजे लाकडावर कोरायचं नाही, कागदावर काढून द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यानं गंगूलाच समोर बसवलं. एक सवाशीण दुसरीला कुंकू लावते आहे, असं चित्र. लावणारी गंगूच; तिचा चेहरा, तिची नथ, मनगटावरचं गोंदण, सगळं त्यात आलं. गंगू मला म्हणाली, "पाहा न मास्तर, बानं माह्यं नाक केवढं मोठ्ठं केलं!" पण ती खुशीत होती. बाप तर इतका खुशीत होता की त्याला जेवणाची शुद्ध नव्हती.

मला कामानिमित्त अकोल्याला जायचं होतं, म्हणून चित्र घेऊन मी निघालो. मोटारीत गुंडाळी सोडून मांडीवर पाहिलं. कुंकू लावणारा हात डावा होता. नथही उजव्या नाकपुडीत.

मला ते दिसलं. हे मी आज स्पष्ट लिहितो आहे, कारण त्यानंतर कितीतरी वर्षं मी ते स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. दिसलं, आणि मी मनाशी हसलो. म्हटलं, याचं सगळंच उलटं असतं, छापल्यावर सरळ येईल. छापखान्यातल्या माणसानं चित्र हातात घेऊन विचारलंसुद्धा, "मास्तर, हे असंच घ्यायचं ना?" मी छातीठोकपणे म्हणालो, "असंच घ्या. त्यांची पद्धत आहे ती." त्यानं जसंच्या तसं छापलं. कागदावरचं चित्र उलटं होत नाही, जसं असेल तसंच येतं, हे मास्तर असून मला कळू नये?

संक्रांतीला पुड्या निघाल्या. आमच्या आळीतल्या हळदीकुंकवात एका बाईनं पुडी हातात घेतली, नीट निरखून पाहिली आणि ती निखारा हातात आल्यासारखी खाली टाकली. "अव माय! डाव्या हातानं लावून राह्यली हे त!" संध्याकाळपर्यंत गावात एकच बोभाटा झाला. डाव्या हाताचं कुंकू कोण घरात ठेवणार? पुड्या विहिरीत गेल्या, चुलीत गेल्या. व्यापाऱ्यानं उरलेल्या पुड्या तुळशीरामाच्या अंगणात आणून ओतल्या आणि तोंडाला येईल ते बोलला. तुळशीराम एकेक पुडी उचलून पाहत होता. मग त्यानं आपला उजवा हात वर धरला, डावा धरला, पुन्हा उजवा धरला. "हात तं उजवाच होता पोरीचा," एवढंच तो म्हणाला. मी कुंपणाशी उभा होतो. मी काही बोललो नाही.

तिथवर असतं तरी माणूस सावरला असता. पण माघ सरायच्या आत आसेगावहून निरोप आला. जावयाला ताप चढला, आठ दिवस उतरला नाही, आणि तो गेला. गंगू पांढऱ्या कपाळानं बापाच्या दारात परत आली. बायांची तोंडं काय थांबतात? चित्रातली बाई कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून तुळशीरामानं ठसा हातात घेतला नाही. वखरं, दांडे, खाटेचे पाय एवढंच करी, तेही साधं, नक्षीचा एक ओरखडा नाही. मी जात राहिलो. एकदा पिंपळाचं जाळी पडलेलं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते बाजूला सारलं. "माह्या डोयाले आता काही दिसत नाई मास्तर. पोरीचं कपाय दिसते फक्त." मी म्हणालो, तापानं माणूस जातो, चित्रानं नाही. तो म्हणाला, "थे खरं. पन चूक तं माहीच न? दुसऱ्या कोनाची हाये का?" मग हेच तो पुन्हा पुन्हा विचारी आणि माझ्याकडे असं बघे, की जणू खरोखरच उत्तर हवं आहे. दर वेळी खरं काय ते माझ्या ओठांशी येई. दर वेळी मी पाणी मागून घेई. वर तो मलाच म्हणे, "तुमी लय चांगले हा मास्तर. आता कोनी येत नाई, तुमी येता." हे ऐकून घरी आलो की मला अन्न गोड लागत नसे.

अशी नऊ वर्षं गेली. एका उन्हाळ्यात दुपारी काम करता करताच तो आडवा झाला आणि उठला नाही. तेराव्याला मी गेलो. पाहुणे पांगल्यावर गंगू पडवीत एकटी बसली होती. आता तरी सांगून टाकावं म्हणून मी सगळं सांगितलं. मोटारीत पाहिलेला हात, छापखान्यातल्या माणसाचा प्रश्न, माझं उत्तर. तिनं मला शिव्या द्याव्यात, अशी माझी फार इच्छा होती.

तिनं दिल्या नाहीत. ती म्हणाली, "माहा मालक तापानं गेला मास्तर. त्याचं तुमच्याकडे काही नाई. पन बा माहा रोज इचारत होता, चूक दुसऱ्या कोनाची हाये का म्हनून. तुमी 'माही बी हाये' म्हनले असते न, तं म्हातारा एका राती तं धड झोपला असता. एवढंच सांगाचं होतं तुमाले. नऊ वर्सं होती तुमच्यापाशी."

मी उठलो. तिनं मला बसा म्हटलं नाही, आणि पुन्हा या असंही म्हटलं नाही.